गाभा मोठा म्हणून डोळ्यांनी दिसेल असं नाही

बर्नार्डिनेली-बर्नस्टाईन धूमकेतूचा गाभा सव्वाशे किलोमीटरचा म्हणजे तो २०३१ ला नुसत्या डोळ्यांनी दिसणारच, असं म्हणतात ते काही पटलं नाही. तो सूर्याच्या सगळ्यात जवळ येईल तेव्हाही जवळपास ११ खगोलीय एककांवर (पृथ्वी-सूर्य अंतराच्या ११ पट लांब), म्हणजे शनीच्या कक्षेच्याही बाहेरच असणार, दुर्बिणीतून प्लुटोइतका दिसला तरी नशीब. कक्षा मात्र पक्की आहे, २०१४ पासूनच्या जुन्या फोटोंत तो सापडलाय ना.

आणि वेगवेगळ्या निरीक्षकांचे मॅग्निट्यूडचे (तेजस्वितेचे) आकडे जुळत नाहीत म्हणताय, तर फोटोत प्रकाश मोजताना धूमकेतूभोवती वर्तुळ केवढं धरलंय ते आधी बघा, छोटं धरलं तर कोमाचा (गाभ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या ढगाचा) बराच प्रकाश बाहेर राहतो नि धूमकेतू फिका येतो, मोठं धरलं की मागचे तारे आत घुसतात. सगळ्यांचे आकडे एकाच ग्राफवर टाकले की तो उगाच उजळल्यासारखा वाटतो.