"स्पेशल मुलांमुळे बाकीच्यांचं नुकसान होतं" म्हणणाऱ्यांना उत्तर

शहापूरची सून
काल कुणीतरी इथंच टाकलंय, "ऑटिझमची (स्वमग्न) मुलं साध्या वर्गात घालून बाकीच्या तीस पोरांचं नुकसान कशाला, त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा आहेत की." खाली नुसते अंगठे. माझ्या मुलाला पण ऑटिझम आहे, दुसरीत आहे, घराजवळच्या मराठी शाळेत, म्हणून लिहितेय आणि लांब लिहिणार आहे.

वेगळ्या शाळा आहेत म्हणता, कुठं आहेत ओ? बेळगावात शोधून एखादी मिळेल, पण जांबोटीच्या पुढच्या गावातल्या बाईनं काय रोज पोराला घेऊन बसनं यायचं का? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे जे 21 प्रकार आहेत त्यात ऑटिझम आहे. कलम 31 सांगतं, 40 टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं सर्टिफिकेट असेल तर 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळची शाळा नाहीतर स्पेशल शाळा, दोन्हीपैकी त्याला पाहिजे ती, आणि फुकट. निवड आमची आहे, वर्गातल्या इतर पालकांची नाही.

आणि नुकसान म्हणजे नेमकं काय? माझा पोरगा प्रार्थनेला स्पीकर सुरू झाला की कान दाबून खाली बसायचा, रडायचा. बाईंनी त्याला स्पीकरपासून लांब व्हरांड्याच्या पायरीवर उभं केलं. तेवढंच केलं, रडणं गेलं. फळ्याच्या कोपऱ्यात त्या दिवसाचा क्रम चित्रानं काढतात, पुस्तक, आकडे, जेवणाचं ताट, चेंडू. एकेक झालं की पुसतात. एकदा दुसऱ्या बाई आल्या, त्या पुसायला विसरल्या, तर हा उठला, ताट पुसलं आणि जाग्यावर येऊन बसला. आता वर्गातली बाकीची पोरं पण फळा बघून विचारतात, पुढं काय. यात कुणाचं काय गेलं?

खानापूरवाला
ताई, तुमच्या बाई चांगल्या म्हणून तुमचं चाललंय. माझ्या मुलीच्या वर्गातला असाच एक मुलगा तिला चावला. दंडावर दात उठले होते. घरी आली ती दुसऱ्या दिवशी शाळेला जायलाच तयार नाही. शाळेत विचारायला गेलो तर "तो स्पेशल आहे, समजून घ्या." माझ्या पोरीनं काय समजून घ्यायचं, सात वर्षांची आहे ती. कायदा त्याला आहे, मग तिला नाही का?

शहापूरची सून
तिला लागलं त्याचं वाईट वाटलं, मनापासून. पण तो का चावला हे शाळेनं शोधलं का? हे हट्ट नसतात. गोंगाट, धक्का, अचानक बदललेलं काहीतरी, आणि तोंडानं सांगता येत नाही म्हणून अंगानं सांगतात. त्या मुलाच्या शेजारी शिकलेलं माणूस असतं तर तुमच्या मुलीपर्यंत गोष्ट आलीच नसती.

निपाणीकर मास्तर
शिकलेलं माणूस आणायचं कुठनं? मी वर्गात असतो म्हणून बोलतोय. नली कलीत, म्हणजे कर्नाटकातल्या सरकारी शाळांच्या खेळत शिकायच्या पद्धतीत, पहिली ते तिसरी एकाच खोलीत, जमिनीवर गट करून कार्डं घेऊन बसवायचं. शिकायला पद्धत चांगली आहे पण आवाज एवढा की मलाच संध्याकाळी डोकं धरतं, त्या पोराचं काय होत असेल. सुप्रीम कोर्टानं 2021 ला प्रमाण ठरवा म्हणून सांगितलं, 2022 ला ते ठरलं, प्राथमिकला अशा 10 मुलांमागे एक स्पेशल शिक्षक, पुढच्या वर्गांना 15 मागे एक. आमच्याकडे तालुक्याचे रिसोर्स टीचर, म्हणजे फिरते स्पेशल शिक्षक, कधीतरी येतात, रजिस्टर बघतात, जातात. त्यांचा दोष नाही, किती शाळा फिरणार ते. वर मराठी शाळेला येणारे बहुतेक कानडीच बोलणारे, पोराशी बोलणार काय?

येळ्ळूरचा
मास्तर, मूळ दुखणं हेच आहे. कर्नाटकच्या 2015 च्या कायद्यानं प्रत्येक शाळेत कानडी सक्तीचं. धडधाकट पोरांची तीन भाषांत दमछाक होते, मग या मुलांची काय अवस्था. घटनेत 350 अ कलम आहे, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत द्या म्हणून. ते कोण पाळतंय? आधी भाषेचा अन्याय संपू दे, मग स्पेशल टीचर मागू.

टिळकवाडी
भाषेचं निघालंय म्हणून सांगतो. आमच्या मुलाला थेरपिस्टनी स्पष्ट सांगितलं होतं, एकच भाषा ठेवा नाहीतर बोलणार नाही. आम्ही घरी इंग्लिश केलं, इंग्लिश मीडियमला घातलं. तीन भाषांच्या खिचडीत ही मुलं हरवतात. मराठी शाळेचा हट्ट धरणारे पोराचं नुकसान करतात असं माझं स्पष्ट मत आहे.

शहापूरची सून
टिळकवाडीवाले, तुमच्या घरात आजी आहेत ना? त्या इंग्लिश बोलतात का? नसतील बोलत तर नातू त्यांच्याशी बोलणार कुठल्या भाषेत? दोन भाषांमुळे ऑटिझमच्या मुलांचं बोलणं आणखी मागं पडत नाही, हे अभ्यासात पुन्हापुन्हा दिसलंय, तरी हा सल्ला अजून दिला जातो. माझा पोरगा कानडी कुठं शिकला माहीत आहे का, बसमध्ये. कंडक्टर ओरडतो ते "मुंदे होगी, मुंदे होगी", म्हणजे पुढं चला, घरी दिवसभर म्हणायचा. आता जिन्यात कुणी वाट अडवली की बरोबर तेच म्हणतो. त्याला कळलंय कुठं वापरायचं.

आणि येळ्ळूरचे दादा, "आधी भाषा, मग टीचर" हे मला अजिबात चालणार नाही. माझ्या पोराला सीमाप्रश्नाच्या रांगेत उभं करू नका. तो आत्ता सात वर्षांचा आहे, तुमचा अन्याय संपेपर्यंत त्याला मिशा येतील.

येळ्ळूरचा
रांगेत कोण उभं करतंय? आम्ही मराठी शाळा टिकवायला लाठ्या खाल्ल्या म्हणून तुमच्या घराजवळ आज मराठी शाळा आहे. ती बंद पडली असती तर कुठली पायरी आणि कुठला फळा? असलं बोलताना जरा विचार करा.

शहापूरची सून
शाळा टिकवली त्याचे उपकार मानते. पण टिकलेल्या शाळेत माझ्या पोराला बसायला जागा पाहिजे, एवढंच म्हणणं आहे.

निपाणीकर मास्तर
दोघंही जरा थांबा. त्याच 2016 च्या कायद्यात कलम 17 आहे. अभ्यासक्रम आणि परीक्षेत बदल, जादा वेळ, लेखनिक, आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, हे सगळं त्यात लिहिलंय. म्हणजे ज्या कानडीवरनं इथं भांडण लागलंय त्यातनं या मुलांना वाट आहे. पालकांना कुणी सांगत नाही, शाळेत मागितलं तर "वरून ऑर्डर नाही" म्हणतात. येळ्ळूरकर, तुमच्याकडे माणसं आहेत, निवेदनं द्यायची सवय आहे. पुढच्या निवेदनात ही एक ओळ घाला.

येळ्ळूरचा
घालू. पण सक्ती रद्दची मागणी पहिली राहणार, ही तिच्या खाली.

टिळकवाडी
सूट घेतली तर पुढं नोकरीत कानडी लागेल तेव्हा काय? इथंच राहायचंय ना?

शहापूरची सून
सूट म्हणजे परीक्षेतून सूट, बसमधून नाही. बोलायला तो शिकेल, शिकतोच आहे. पेपरात नापास होऊन शाळा सुटायला नको.

खानापूरवाला
भाषेचं तुमचं चालू द्या, माझ्या मुलीचं राहिलं बाजूला. पायरी आणि फळ्याचं मान्य, त्याला पैसे लागत नाहीत, कुठलीही शाळा करू शकते. पण 10 ला एक टीचर मिळेपर्यंत माझी पोर त्याच्या शेजारी बसणार नाही, याच्यावर मी ठाम आहे.

शहापूरची सून
शेजारी बसवू नका, तुमचं बरोबर आहे, जागा बदलायला सांगा. पण त्याला वर्गाबाहेर काढा म्हणून सही गोळा करताय असं ऐकलं, ते करू नका. एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांच्या शाळा समितीच्या, मीटिंगला या, मुलाच्या आईला पण बोलवा. टीचरची मागणी लेखी द्यायचीय बीईओंना (तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांना), त्यावर तुमची सही मुलीच्या बापाची म्हणून जास्त वजनाची आहे.

खानापूरवाला
अर्ज आधी वाचायला द्या. सहीचं मग बघू.