बजेटमधली इलेक्ट्रिक गिटार घेताना नेमकं काय तपासता?

पंधरा-अठरा हजारांत पहिली इलेक्ट्रिक घेणारी पोरं आता जळगाव-धुळ्यातच नाही, तालुक्यालाही आहेत. हातात गिटार आल्यावर काय बघायचं, ते जाणकारांनी लिहा. ‘साउंड भारी आहे’ एवढ्यावर भागवू नका.

सहावी तार, जळगाव
अठरा असतील तर सगळे गिटारीत घालू नका. बारा-तेरा गिटारीला, चारेक छोट्या अॅम्पला, उरलेल्यात केबल, तारांचा जादा सेट आणि सेटअपची (तारांची उंची, सूर नीट बसवून घेण्याची) मजुरी. सेटअप न केलेली महाग गिटार सेटअप केलेल्या स्वस्त गिटारीपुढे बेसूरच लागते. वापरलेली यामाहा पॅसिफिका 012 धड अवस्थेत मिळाली तर सोडू नका. ब्रिजजवळ (तारा बॉडीवर टेकतात तिथे) हंबकर, म्हणजे तारांचा कंप पकडणारा दोन कॉइलचा पिकअप, आणि पुढे एकेका कॉइलचे दोन पिकअप (सिंगल कॉइल) असल्याने अहिराणी ऑर्केस्ट्रापासून रॉकपर्यंत सगळं निभतं.

गिरणाकाठ, चाळीसगाव
आपल्याकडे खरी परीक्षा मे महिन्यात. कोरड्या उन्हाने फिंगरबोर्डचं लाकूड आकसतं, त्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, आकसत नाहीत. मग त्यांची टोकं कडेला बाहेर येतात. नेकच्या (गिटारीच्या मानेच्या) दोन्ही कडांवरून बोट वरपासून खालपर्यंत फिरवा. करवतीसारखं लागलं तर भाव पाडा, नाहीतर गिटार परत करा. टोकं घासून मिळतात, पण वाकडा नेक महागात पडतो.
नेक असा बघा: जाड सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदमच दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली 0.2 ते 0.3 मिमी फट हवी, साधारण व्हिजिटिंग कार्डाएवढी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकमधली सळई) घड्याळाच्या दिशेने एका वेळी पाव फेराच, मग थांबून पुन्हा मोजा. रॉडचा नट फिरतच नसेल तर ती गिटार घेऊ नका. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, तेव्हा नेक पुन्हा हलतो; दुकानदाराला दोष देण्याआधी हे तपासा.

पाचकंदील, धुळे
तरंगणारा लॉकिंग ट्रेमोलो (दांडीने सूर वरखाली करणारा, स्प्रिंगांवर तोललेला ब्रिज) स्वस्त गिटारीत नकोच भो. एक तार तुटली की बाकीच्या पाचही सुरातून जातात. फिक्स ब्रिज घ्या.
ट्यूनिंग करताना ‘टिक’ आवाज येत असेल तर तार नटच्या (नेकच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीच्या) खाचेत अडकते. पेन्सिलचं शिसं खाचेत चोळा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर जुळवा. दाबलेला चढा लागला तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे, उतरता लागला तर पुढे.

गिरणाकाठ, चाळीसगाव
@पाचकंदील, बाराव्या फ्रेटचा हा मेळ, म्हणजे इंटोनेशन, नव्या तारांवरच बघा. दुकानातल्या गंजक्या तारांवर चांगली गिटारही खोटी ठरते.

मीटरवाला, भुसावळ
मल्टीमीटर न्या. व्हॉल्यूम पूर्ण उघडा, एकेक पिकअप निवडा आणि केबलच्या मोकळ्या टोकावर रोध मोजा. सिंगल कॉइल साधारण 5 ते 7 किलोओहम, हंबकर 7 ते 9 च्या आसपास दाखवतो. आकडाच आला नाही किंवा शेकडो किलोओहम आला तर वायर तुटलेली किंवा कॉइल गेलेली. पॉट (व्हॉल्यूम-टोनचं बटण) फिरवताना खरखर फक्त धुळीची असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते.
सिंगल कॉइलची घरघर तारांना हात लावल्यावर कमी होते, ते ठीक. हात लावल्यावर वाढली किंवा झिणझिण्या आल्या तर वाजवणं तिथेच थांबवा आणि प्लगचं अर्थिंग तपासा. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर मात्र चांगली गिटारही गुणगुणते, म्हणून पिकअपची परीक्षा लाइट असतानाच घ्या.