मदत हवी आहे: लेडव्हिलहून उड्डाणाचे गणित कसे मांडावे?

कोलोरॅडोतील लेडव्हिल विमानतळ ९,९३४ फूट उंचीवर आहे. तापमान २५ अंश सेल्सिअस झाले की तेथील घनता-उंची (हवेच्या विरळपणानुसार विमानाला जाणवणारी उंची) सुमारे १३,५०० फुटांवर, म्हणजे माझ्या सेस्ना १७२एस या छोट्या विमानाच्या १४,००० फुटांच्या कमाल उड्डाण-उंचीजवळ पोहोचते. विमानाच्या पुस्तिकेतील उड्डाण-अंतराचे तक्ते मात्र ८,००० फूट दाब-उंचीलाच (हवेच्या दाबावरून मोजलेली उंची) संपतात. तेच पुढे वाढवून मी उड्डाणाला लागणारे अंतर काढले, पण विरळ हवेत इंजिन आणि पंखा (प्रोपेलर) दोन्ही दुबळे होतात व जमिनीवरचा वेगही अधिक लागतो, त्यामुळे त्या आकड्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. पहाटेची वेळ, कमी इंधन, इंधन-मिश्रण विरळ करणे आणि सोबत प्रवासी नसणे हे ठरलेलेच आहे. विरळ हवेतही इंजिनाची ताकद टिकवणारे टर्बोचार्ज्ड विमान उपलब्ध नाही. धावपट्टी ६,४०० फुटांची आहे. निम्म्या धावपट्टीपर्यंत उड्डाणवेगाच्या ७० टक्के वेग न मिळाल्यास थांबावे, हा नियम येथे पुरेसा आहे का, आणि जमीन सोडल्यानंतरच्या चढाईचा अंदाज कशावरून बांधावा?