एसआरटी ५३ किमी: चढावर पेस किती ठेवायचा?

कोथरूडकर
नमस्कार मंडळी. डिसेंबरात एसआरटी अल्ट्राची, म्हणजे सिंहगड-राजगड-तोरणा या डोंगरातल्या शर्यतीची, ५३ किमी करायची आहे. रस्त्यावरची मॅरेथॉन सव्वाचार तासांत होते, अधूनमधून पुण्यातली वेताळ टेकडीही असते. पण परवा आतकरवाडीतून सिंहगड चढताना घड्याळ किलोमीटरला १५ मिनिटं दाखवत होतं, तरी धाप लागली. इतका हळू असेन तर राजगड-तोरण्याचं काय होणार? पेस कसा वाढवू?

सपाटवीर
मायलेज वाढवा. आठवड्याला ८० किमी झाले की चढ आपोआप जमतो.

घसाराकाका
आपोआप काही जमत नाही हो. सपाटीवर ८० किमी करणारे तोरण्याच्या उतारावर मांड्या धरून बसलेले दिसतात.

कोथरूडकर, तुम्ही हळू नव्हता, जास्त जोरात होता! आतकरवाडीची वाट २.७ किमी आणि चढाई सुमारे ६०० मीटर. किलोमीटरला १५ म्हणजे चाळीस मिनिटांत गड. तासाला ९०० मीटर चढाई झाली ही. पुढे दोन गड बाकी असताना एवढी घाई कशाला? नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा ठोकताळा आहे: तासाला पाच किमी चाल, वर दर ६०० मीटर चढाईला एक तास जादा. त्या हिशोबाने सिंहगडाला दीड तास लागतो, आणि रविवारी पोराबाळांना घेऊन येणाऱ्यांना साधारण तेवढाच लागतो. तुम्ही तासाभरात चढा. घड्याळावर पेसऐवजी चढाईचे मीटर लावा, किंवा घड्याळ बाहीत झाका आणि शेजाऱ्याशी बोलत चढा. वाक्य तुटायला लागलं की पाऊल आखूड करा. खड्या चढावर सरळ चालायचं, हात मांड्यांवर. त्यात कमीपणा नाही.

खरी तयारी उताराची. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असताना भार झेलतो, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना नको होतो. पण एकदा असा दणका बसला की पुढच्या वेळी तेवढं दुखत नाही. म्हणून सिंहगड लागोपाठ दोनदा करा, आणि दुसरा उतार दमलेल्या पायांनी, छोट्या भराभर पावलांनी पळा. टाच रोवून ब्रेक मारत उतरू नका. डिसेंबरात माती सुटते, घसाऱ्यावर टाच आधी सरकते. शर्यतीच्या आधी दोन आठवडे मात्र असले उद्योग बंद.

वेल्हेकरीण
काकांना अनुमोदन. त्यात भर म्हणजे के टू एस रात्री करा. कात्रज ते सिंहगड टेकड्यांची सारखी चढउतार असते, टॉर्चच्या उजेडात पाऊल टाकायची सवय होते. आणि खाणं भूक लागायच्या आधी. मी खजूर, चिक्की आणि मिठाचं लिंबूपाणी नेते. ताकदीसाठी पळणारे घेतात ती गोड जेल चार तासांनी घशाखाली उतरत नाहीत. सकाळी थंडी असते म्हणून पाण्याकडे दुर्लक्ष होतं, मग डोंगराच्या उघड्या सोंडेवर बाराचं ऊन गाठतं.

कोथरूडकर
म्हणजे मी उलटंच समजत होतो. काका, काठ्या घ्याव्यात का? आणि सिंहगड आठवड्यातून किती वेळा?

घसाराकाका
काठ्या घ्या, पण घडीच्या. खडकाळ टप्प्यांवर हात मोकळे लागतात. सिंहगड एकदा पुरे, मधल्या वारी वेताळ टेकडीवर चढ-उतार. रविवारी गेलात तर सहाच्या आत चढायला लागा. नंतर उतरताना पळायला वाटच सापडत नाही, सगळी गर्दी पिठलं-भाकरीच्या ओढीने वर येत असते.