शब्दचर्चा : '१२० काय?' मोजणे, मापणे आणि एकक

निंबोणी :
मुलगी यंदा सहावीत आहे. विज्ञानाच्या वहीत टेबलाची लांबी तिनं नुसती '१२०' लिहिली. बाईंनी लाल शाईत विचारलं, '१२० काय?' आणि अर्धा गुण कापला. मुलीचं म्हणणं, 'मोजायला सांगितलं, मी मोजलं!' तिला समजावताना मीच अडकले. आपण आंबे मोजतो, पैसे मोजतो, ताप मोजतो, जमीन मोजतो. क्रियापद सगळीकडे एकच. पुस्तकात मात्र 'मापन'. मोजणे आणि मापणे यांत खरंच फरक आहे का? आणि 'एकक' म्हटलं की तिला एकक-दशक-शतकच आठवतं. ते एकक आणि हे एकक एकच का?

कोशकीटक :
फरक आहे, बोलण्यात पुसट झालाय एवढंच. आंबे सुटे असतात, त्यांची गणती होते. कापड, दूध, रस्ता हे सलग. तिथं आधी एक तुकडा ठरवावा लागतो आणि तो किती वेळा बसतो ते बघावं लागतं. तो ठरवलेला तुकडा म्हणजे एकक. म्हणजे मापन हेसुद्धा मोजणंच, फक्त 'एक' कशाला म्हणायचं ते आधी ठरवून घेतलेलं. त्या अर्थी दोन्ही एकक भाऊभाऊच. हिंदीत मात्रक, इकाई म्हणतात. आपल्या पाठ्यपुस्तकांनी एकक धरलं आणि ते बरं केलं.

भुसारलाइन :
आमचं पिढीजात धान्याचं दुकान, म्हणून मध्ये तोंड घालतो. आजोबांच्या काळी धान्य मापानं घालायचे. पहिलं माप ओतताना 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. मग दोन, तीन असं पुढं. ताईंच्या मुलीला हे सांगा, गंमत वाटेल.

मापं म्हणजे चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. ही सगळी पोकळ भांडी, वजनं नव्हेत. तरी अजून कुणीतरी विचारतंच, 'पायली म्हणजे किती किलो हो?' याला एक उत्तर नाही. ज्वारीची पायली निराळी भरते, भाताची निराळी, आणि मुलखामुलखाची पायलीही सारखी नव्हती. त्यात माप सपाट पुसून घ्यायचं की शीग, म्हणजे काठावर चढलेली रास, लावून, यावरून भांडणं होत ती वेगळीच. 'मापात पाप' उगाच नाही म्हणत.

खरा घोटाळा शेराचा. शेर दोन होते, एक मापी आणि एक वजनी. वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे आजचे ९३३ ग्रॅम. १९५६ साली कायदा झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून दशमान वजनं बाजारात यायला लागली आणि १ एप्रिल १९६२ पासून जुनी वजनं बंद. वडील सांगायचे, त्यानंतरही कितीतरी वर्षं लोक शेरभर साखर मागत आणि किलोभर घेऊन जात.

तोळा अजून मेलेला नाही. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, सराफाचा आजचा तोळा सरळ १० ग्रॅमचा. आजीची पाटली 'पाच तोळ्यांची' असेल तर कुठल्या तोळ्याची ते विचारून घ्या.

बांधावरून :
तोळ्यासारखंच आमच्या जमिनीचं. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटर असं असतं. हा 'आर' पुष्कळांना सरकारी लघुरूप वाटतो. तसं नाही. फ्रान्सच्या १७९५ च्या कायद्यात मीटर, लिटर, ग्रॅम यांच्या पंगतीला बसलेलं ते एकक आहे. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. त्याला शंभर अर्थाचा 'हेक्टो' लागला की हेक्टर. गावात मात्र 'आर म्हणजे गुंठाच' असं धरून चालतात. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, आर साधारण १०७६ चा. एका गुंठ्याला फरक किरकोळ दिसतो, पण एकराला तो ४७ चौरस मीटरवर जातो. पाचशे चौरस फूट झाले की. तेवढ्यात शहरात लोक संसार करतात.

खडूफळा :
तीस वर्षं विज्ञान शिकवलं, म्हणून थोडं लांबण लावतो. पायलीचा गोंधळ म्हणजे आकारमान आणि वस्तुमान यांचा गोंधळ. भांडं किती जागा व्यापतं ते आकारमान, त्यात द्रव्य किती ते वस्तुमान. आणि पृथ्वी ते द्रव्य किती जोरानं खेचते ते वजन. बाजारात आपण 'वजन दोन किलो' म्हणतो; पुस्तकात किलोग्रॅम हे वस्तुमानाचं एकक आणि वजनाचं न्यूटन. तराजूच्या दोन पारड्यांत वस्तुमानांची तुलना होते, ताणकाटा, म्हणजे स्प्रिंगचा काटा, वजन दाखवतो. चंद्रावर नेलं तर तराजू तेच सांगेल आणि ताणकाटा सहावा हिस्सा. पण म्हणून वाण्याकडे जाऊन 'वीस न्यूटन तूरडाळ द्या' म्हणू नये. बाजारातला शब्द चुकीचा नाही, तो वेगळ्या कामाचा आहे. मुलांना आधी हे सांगितलं की ती भांडत नाहीत.

निंबोणीताई, आता त्या पायलीच्या प्रश्नावर मुलीलाच प्रयोग करू द्या. फक्त आधी तिची परिकल्पना लिहून घ्या.

निंबोणी :
सर, पुस्तकाबाहेर कुठं 'गृहीतक' वाचलंय, कुठं 'परिकल्पना'. मी तिला 'अंदाज' म्हणून सांगितलं. चालेल?

खडूफळा :
सहावीला अंदाज उत्तम. गृहीतक मात्र तिथं नको. भूमितीत युक्लिडची गृहीतकं असतात, ती मानून पुढं जायचं असतं. इथं मानायचं काहीच नाही. जे खोटं ठरू शकतं तेच लिहायचं. 'सारख्या भांड्यातलं सगळं धान्य सारख्याच वजनाचं भरेल' ही चांगली परिकल्पना आहे, कारण ती पाच मिनिटांत पडू शकते.

कोशकीटक :
राहवत नाही म्हणून लिहितो. संस्कृतात 'मा' धातू म्हणजे मापणे. त्यातून मान, माप, मात्रा, परिमाण. त्यातूनच प्रमाण, प्रमेय, उपमा आणि अनुमानसुद्धा. म्हणजे काट्यावरचा आकडा आणि त्यावरून काढलेला तर्क, दोघांचं आजोळ एकच. मीटरचं ग्रीक मूळ 'मेत्रॉन', तेही याच कुळातलं असं भाषाशास्त्रज्ञ मानतात. तापमान, हवामान, वस्तुमान म्हणताना आपण तोच 'मा' रोज वापरतो. 'सिद्धांत' या शब्दावर मात्र माझा जुना राग आहे. सिद्ध झालं, अंत झाला, आता शंका काढू नका असा त्याचा सूर. विज्ञानातला सिद्धांत कायम तपासणीच्या दारात उभा असतो, हे त्या शब्दातून कळत नाही. दुसरा सुचत नाही, म्हणून चालवून घेतो.

निंबोणी :
प्रयोग केला! आईकडचं पितळी मापटं आणलं. मुलीनं आधी लिहिलं, 'तांदूळ आणि चुरमुरे सारखे भरतील, कारण भांडं तेच आहे.' मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. तांदूळ ८०० ग्रॅम, चुरमुरे जेमतेम ९०. तिनं 'माझा अंदाज चुकला' असं मोठ्या अक्षरात लिहिलं आणि खाली चौकटही काढली, जणू बक्षीस मिळालंय. या वेळी प्रत्येक आकड्यापुढे 'ग्रॅम' आहे, एकदा तर दोनदा आहे.

पण नवीन शब्द अडला. खात्री करायला तिनं तांदूळ पुन्हा दोनदा भरले, तर ८१२ आणि ७९५ आले. विचारते, 'यातली चूक कुठली?' पुस्तकात 'त्रुटी' म्हटलंय. चूक आणि त्रुटी एकच ना?

खडूफळा :
नाही. चूक म्हणजे काट्याचं शून्य न बघता भांडं ठेवलं, ती सुधारता येते. शीग एकदा जरा जास्त पुसली, एकदा कमी, त्यामुळे आकडे इकडेतिकडे होतात ती त्रुटी. तिला लाल शाई नको. तिन्ही आकडे ठेवा, सरासरी काढा, आणि किती मागंपुढं झालं तेही लिहा.

भुसारलाइन :
आमच्याकडे त्याला 'घट' म्हणतात आणि ती नेहमी गिऱ्हाइकाकडेच येते. 😀

कोशकीटक :
आणि 'त्रुटि' हे आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत काळाच्या एका अतिसूक्ष्म एककाचं नाव होतं, बरं का.