‘गोपनीयता’ म्हटलं की लोकांना वाटतं, काहीतरी लपवायचंय

चर्चाप्रस्ताव (सांगली)

इथल्या एका पतसंस्थेने खातेदारांना त्यांच्या माहितीच्या वापराबद्दल द्यायच्या सूचनेचा मराठी मसुदा माझ्याकडे तपासायला दिला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. सूचना आणि संमतीची कलमं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार, तोवर कागदपत्रं नीट करून घ्यायची आहेत. ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचायची सोय खातेदाराला दिली पाहिजे, असं कायद्यातच आहे. तेव्हा हे भाषांतर हौसेचं नाही, त्याच्या भरवशावर लोक सह्या करणार आहेत.

मसुद्यात ‘प्रायव्हसी’साठी जागोजाग ‘गोपनीयता’ आहे. शेजारच्या मावशींचं खातं तिथंच आहे, म्हणून त्यांना पहिला परिच्छेद वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “आमच्याकडं लपवून ठेवण्यासारखं काय हाय? कुठं सही करू तेवढं सांगा.”

मला हे फार लागलं. चूक त्यांची नाही, शब्दाची आहे. मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात, कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल असतो, मतदान गोपनीय असतं. सगळीकडे अर्थ एकच, गुप्त ठेवणं. मावशींचा मोबाइल नंबर गुप्त नाही, अर्ध्या गल्लीकडे तो आहे. पण तो कुणा कर्ज विकणाऱ्याच्या हाती द्यायचा की नाही, हे ठरवणार त्या. हा हक्क सांगणारा मराठी शब्द कोणता? शिवाय कायद्यातल्या ‘डेटा प्रिंसिपल’ (जिची माहिती आहे ती व्यक्ती) आणि ‘डेटा फिड्युशिअरी’ (ती माहिती घेऊन वापरणारी संस्था) या जोडीचं काय करायचं?

प्रतिसाद (सातारा)

माझं मत ‘खासगीपण’ला. ‘खास’ अरबी, पण ‘खासगी’ पूर्ण आपला झालेला शब्द. मराठेशाहीत दौलतीचा, म्हणजे राज्याचा, कारभार वेगळा आणि खासगीचा, म्हणजे राजघराण्याचा, वेगळा. ‘खासगीवाले’ हे आडनाव त्या कारभारातूनच आलं. खासगीतल्या गोष्टी काही लपवलेल्या नसत. मुदपाकखाना (स्वयंपाकघर) कुठे आहे, जामदारखाना (किमती वस्तूंचं कोठार) कुठे आहे, हे वाड्यात सगळ्यांना ठाऊक. बाहेरच्याने तिथं हात घालायचा नाही, एवढंच. तुम्हाला हवी ती छटा हीच.

अडचण एक आहे. आज खासगी म्हणजे ‘सरकारी नव्हे ते’. खासगी शाळा, खासगी दवाखाना, खासगीकरण. ‘खासगी माहिती’ वाचून कुणाला कंपनीची माहिती वाटेल. म्हणून ‘खासगीपण’ म्हणा, तिथं घोटाळा होत नाही. (खाजगी की खासगी यावर वाद नको, दोन्ही चालतात. एका कागदात एकच ठेवा.)

‘गोपनीय’वर थोडा अन्याय होतोय हेही नोंदवतो. संस्कृतात ‘गुप्’ म्हणजे मुळात राखणं, ‘गोप्ता’ म्हणजे रक्षणकर्ता. पण मराठी कानाला आता तो अर्थ ऐकू येत नाही, आणि कागद मराठी कानासाठी लिहायचा आहे.

प्रतिसाद (मिरज, वकिली करते)

‘खासगीपण’ला माझाही पाठिंबा. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपण हा मूलभूत हक्क मान्य केला. त्याआधी १९५४ च्या आठ आणि १९६२ च्या सहा न्यायाधीशांच्या पीठांचे निकाल याच्या आड येत होते. २०१७ च्या निकालाचा भर माणसाच्या प्रतिष्ठेवर आणि स्वतःचं स्वतः ठरवण्यावर आहे. गुपित राखणं हा त्याचा फक्त एक कोपरा. ‘गोपनीयता’ लिहिलं की तेवढा कोपराच दिसतो.

मला जास्त काळजी ‘संमती’ची वाटते. मौन म्हणजे संमती, हे आपल्या अंगात मुरलेलं आहे. या कायद्यात नेमकं उलटं आहे. संमती मुक्त हवी, ठरावीक कामापुरती हवी, माहिती घेऊन दिलेली हवी आणि स्पष्ट कृतीतून दिसायला हवी. आधीच बरोबरची खूण केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे. आणि जितक्या सहज दिली तितक्याच सहज ती मागे घेता आली पाहिजे. आपल्या बोलीत ‘होकार’ दिला की दिला, फिरवला तर शब्द मोडला असं होतं. म्हणून ‘संमती कधीही मागे घेता येते, त्यात काही गैर नाही’ हे वाक्य मसुद्यात सबंध लिहा.

‘फिड्युशिअरी’ला कायद्याच्या मराठीत ‘विश्वासाश्रित’ म्हणतात. तो शब्द मी कोर्टात वापरते, पतसंस्थेच्या काउंटरवर वापरणार नाही.

प्रतिसाद (हरिपूर)

आमच्या घरी हळदीची पेवं होती. जमिनीत खोल खड्डा, आतून शेणानं सारवलेला, पाल्याचा थर देऊन हळद भरायची आणि तोंड बंद करायचं. पेव आमचं, हळद शेतकऱ्याची. वर्षानुवर्षं माल आमच्या जमिनीत पडलेला असला तरी मालाचा धनी तो. त्यानं सांगितल्याशिवाय चिमूटभर काढायची नाही. २००५ च्या महापुरात गावातली पुष्कळ पेवं गेली, तेव्हा माल कुणाचा बुडाला हे कुणाला विचारावं लागलं नाही. तुमचा ‘प्रिंसिपल’ म्हणजे धनी आणि ‘फिड्युशिअरी’ म्हणजे पेववाला. जुन्या माणसांचा ‘अमानत’ हा शब्दही बघा, दुसऱ्याची वस्तू विश्वासानं सांभाळायला घेतलेली.

प्रतिसाद (मिरज)

पेव आवडलं. पण हळद काढली की पेव रिकामं होतं. माहिती काढून दिली तरी तिथं तशीच उरते, शिवाय नक्कल आणखी चार ठिकाणी गेलेली असते. म्हणून तर माहिती नीट सांभाळली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला आहे. आणि ‘धनी’ पुल्लिंगी आहे. या कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात व्यक्तीसाठी सगळीकडे स्त्रीलिंगी सर्वनाम वापरलंय, मराठीत आपण ते घालवू नये.

प्रस्तावक (सांगली)

‘धनी’ मलाही मनापासून आवडला होता, पण मावशी कारभाऱ्यांची आठवण काढताना ‘आमचं धनी’ म्हणतात. मग स्वतःच्या माहितीच्या त्या धनी, हे त्यांच्या गळी उतरणार कसं? मी ‘माहितीचे हक्कदार’ केलं, ते बाईलाही चालतं आणि पुरुषालाही. ‘अमानतदार’ लिहून पाहिला, आमच्या पिढीला तो परका वाटतो. ‘विश्वस्त’ देवस्थानामुळे सगळ्यांना माहीत आहे, पण पतसंस्थेच्या कागदावर तो शब्द पाहून लोक संचालक मंडळ समजतील. शेवटी साधं लिहिलं: ‘तुमची माहिती आमच्याकडे सांभाळायला आहे. ती तुमची आहे. सांगितलेल्या कामाशिवाय आम्ही ती वापरणार नाही.’ ‘गोपनीयता’ सगळीकडून काढली.

काल मावशींना पुन्हा वाचून दाखवलं. या खेपेला त्यांनी लगेच सही मागितली नाही. विचारलं, “म्हंजे खातं बंद केलं, की माझा फोटो आन् आधारची झेरॉक्स माघारी देणार का?”

कायद्यात हक्क आहे तो माहिती काढून टाकायला लावण्याचा, आणि दुसऱ्या कायद्यानं जी ठेवणं भाग आहे ती तेवढा काळ राहणारच. मसुद्यात मी ‘खोडणे’ लिहिलंय, पण खोडलेलं खाली दिसत राहतं. ‘पुसणे’ पाटीचं वाटतं, ‘नष्ट करणे’ ऐकून मावशी घाबरतील. ‘माघारी देणे’ त्यांचा शब्द, पण कायद्याचा अर्थ त्यात बसत नाही. यावर सुचवा, मसुदा सोमवारी द्यायचा आहे.