सल्ला हवा: ऑब्जेक्टचा हॅशकोड नक्की कशावरून काढायचा?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. दूध संकलन केंद्रांसाठीचं एक जुनं सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात पडलंय. जावा १७, हायबरनेट (ऑब्जेक्ट डेटाबेसमध्ये ठेवणारी लायब्ररी), पोस्टग्रेस डेटाबेस. त्यात ‘सभासद’ नावाचा क्लास आहे: आयडी, नाव, गाव, तालुका, मोबाईल, चालू आहे की बंद. आधीच्या माणसाने आयडीईच्या (कोड लिहायच्या सॉफ्टवेअरच्या) मेनूतून इक्वल्स (दोन ऑब्जेक्ट समान का ते सांगणारी मेथड) आणि हॅशकोड (ऑब्जेक्टवरून एक आकडा काढणारी मेथड) तयार करून घेतले आणि सगळ्या खोक्यांवर टिकमार्क करून मोकळा झाला.

तक्रारी अशा:

एक. सभासदाचा मोबाईल बदलला की तो हॅशसेटमधून (त्या आकड्यावरून कप्पे करून ऑब्जेक्ट ठेवणाऱ्या संचातून) ‘हरवतो’. सेट छापला तर दिसतो, कंटेन्स विचारलं तर नाही म्हणतो, रिमूव्ह केला तर जात नाही.

दोन. म्हणून मी दोन्ही मेथड फक्त आयडीवर आणल्या. आता एकाच फॉर्ममध्ये दोन नवे सभासद भरले तर एकच सेव्ह होतो. एरर नाही, लॉग नाही, दुसरा गायब.

तीन. दहा दिवसांच्या बिलाचा तालुकावार रिपोर्ट हॅशमॅपमधून निघतो, त्यात कऱ्हाड दोनदा येतं. ट्रिम (कडेच्या मोकळ्या जागा काढणं) करून झालं, फरक नाही.

लॉम्बॉक (अशा मेथड आपोआप लिहिणारी लायब्ररी) लावू, हाताने लिहू की आणखी काही? आणि हॅशच्या गुणाकारात तो ३१ सगळीकडे का असतो? कोड चिकटवला की इथे त्याचं पार भजं होतं, म्हणून शब्दांत सांगितलं तरी चालेल.

चिंचगूळ

लॉम्बॉकचं डेटा अ‍ॅनोटेशन एंटिटीवर (डेटाबेसच्या टेबलाशी जोडलेल्या क्लासवर) लावू नका, एवढं आधी सांगते. ते सगळी फील्ड घेतं, कलेक्शनसुद्धा. केंद्राकडे सभासदांची यादी आणि सभासदाकडे केंद्र असं दोन्हीकडून नातं असेल तर हॅश काढताना हा त्याला विचारतो, तो ह्याला विचारतो आणि स्टॅक ओव्हरफ्लो. आणि लेझी (लागेल तेव्हाच डेटाबेसमधून येणारी) यादी असेल तर नुसता हॅश काढायचा म्हणून डेटाबेसला क्वेरी जाते.

साध्या, डेटाबेसशी संबंध नसलेल्या क्लासला मात्र जावाचा ‘रेकॉर्ड’ हा प्रकार वापरा. जावा १६ पासून ते पक्कं झालंय, दोन्ही मेथड आपोआप मिळतात आणि फील्ड फायनल असतात.

आबा

रात्रपाळी, तुमच्या पहिल्या दोन तक्रारी एकाच मुळाच्या आहेत. जरा आकडे मांडून बघू, म्हणजे डोक्यात बसेल.

तुमचा आताचा हॅशकोड म्हणजे ऑब्जेक्ट्स डॉट हॅश, आत एकटा आयडी. ही मेथड १ पासून सुरू करते, ३१ ने गुणते आणि फील्डचा हॅश मिळवते. नव्या सभासदाचा आयडी नल (म्हणजे अजून रिकामा), नलचा हॅश शून्य, म्हणून उत्तर ३१. हॅशसेटच्या पोटात हॅशमॅपच असतो आणि त्याला सुरुवातीला १६ कप्पे असतात. ३१ चे खालचे चार बिट म्हणजे १५, सभासद कप्पा १५ मध्ये बसला. मग सेव्ह झाला, सीक्वेन्सने आयडी दिला ४१२७. आता हॅश झाला ४१५८, कप्पा १४. तुम्ही कंटेन्स विचारता, तो १४ मध्ये जाऊन बघतो, तिथे कोणी नाही. माणूस १५ मध्येच बसलाय.

योगायोगाने कप्पा तोच आला असता तरी उपयोग नव्हता. हॅशमॅप प्रत्येक नोंदीबरोबर टाकतानाचा हॅश जपून ठेवतो आणि इक्वल्स विचारण्याआधी तो जुळतो का ते पाहतो. जुना ३१, नवा ४१५८, विषय संपला. मोबाईल बदलल्यावर व्हायचं तेही हेच, फक्त तेव्हा हॅश मोबाईलमुळे हलायचा.

आता दुसरी तक्रार. दोन नवे सभासद, दोघांचेही आयडी नल, दोघांचाही हॅश ३१. इक्वल्समध्ये तुम्ही ऑब्जेक्ट्स डॉट इक्वल्स लावला असणार, आणि तो नल आणि नल समान मानतो. सेटला वाटलं हा आहेच आपल्याकडे, दुसरा घेतला नाही. अ‍ॅड फॉल्स परत करतो, पण ते कोण बघतो!

म्हणजे नियम दोन. समान ऑब्जेक्टचा हॅश समानच हवा, हा करार. आणि ऑब्जेक्ट सेटमध्ये असेपर्यंत हॅश हलता कामा नये, हे व्यवहारज्ञान. उलटी बाजू मात्र करारात नाही, दोन वेगळ्या ऑब्जेक्टचा हॅश सारखा निघाला तर चालतं. म्हणून सल्ला असा: इक्वल्समध्ये तोच ऑब्जेक्ट असेल, किंवा आयडी नल नसून जुळत असेल, तरच खरं म्हणा, आणि हॅशकोडमध्ये क्लाससाठी एकच ठरलेला आकडा परत करा. १३ द्या, ४२ द्या, काहीही.

आणि इक्वल्समध्ये गेटक्लासने तुलना करू नका. हायबरनेट कधीकधी खऱ्या ऑब्जेक्टऐवजी प्रॉक्सी देतो, त्याचा क्लास वेगळा असतो. इन्स्टन्सऑफ वापरा, आणि समोरच्याची फील्ड थेट न वाचता गेटरमधून वाचा.

सह्यवेडा

आबा, एकच आकडा? मग हॅशमॅप कशाला, लिंक्डलिस्टच वापरू की! सगळे एकाच कप्प्यात.

आबा

अपेक्षित होतं :) एका केंद्राचे सभासद किती, दोनशे-तीनशे. तेवढ्यांत तुम्हाला फरक मोजतासुद्धा येणार नाही, खाली डेटाबेसची एक फेरी त्याहून महाग पडते. २०,००० सभासद एका सेटमध्ये ओतत असाल तर तुमचं खरं आहे. प्रत्येक नवा आधीच्या सगळ्यांशी ताडला जाईल, ढोबळ हिशेबाने २० कोटी तुलना. जावा ८ पासून एका कप्प्यात आठाहून जास्त झाले आणि टेबल किमान ६४ कप्प्यांचं असलं की साखळीचं झाड होतं खरं, पण ते झाड कामाला येतं ते हॅश वेगळे असतील तर, नाहीतर क्लास कंपेरेबल असेल तर. इथे दोन्ही नाही.

तेवढ्या मोठ्या कामाला ऑब्जेक्टऐवजी आयडीचाच मॅप करावा. लाँगचा हॅश आयता चांगला असतो.

चिंचगूळ

पण सभासद क्रमांक असेलच ना? केंद्राचा कोड अधिक सभासद क्रमांक, त्यावर दोन्ही मेथड. फॉर्म भरतानाच तो माहीत असतो, नलचा प्रश्नच नाही.

आबा

कागदावर बरोबर. आमच्याकडे वडील गेले की मुलगा त्याच क्रमांकावर दूध घालत राहतो. क्रमांक तोच, माणूस दुसरा, बँक खातं दुसरं. मग हे दोन सभासद ‘समान’ की नाही? हे जावाला विचारून उपयोग नाही, केंद्राच्या सचिवाला विचारावं लागतं. माझ्या मते निम्मे हॅशकोडचे धागे खरं तर इक्वल्सचे असतात. दोन वस्तू एकच कधी म्हणायच्या हे ठरलं की हॅश पाच मिनिटांचं काम.

क्रमांक कधीच दुसऱ्याला जात नसेल तर चिंचगूळ म्हणतात तोच उत्तम मार्ग. तसं नसेल तर कन्स्ट्रक्टरमध्येच यूयूआयडी (आपोआप तयार होणारा, दुसऱ्या कुणाशी न जुळणारा क्रमांक) देऊन टाका. पण तोच प्राथमिक आयडी केलात तर स्प्रिंग डेटा या लायब्ररीला वाटतं की आयडी भरलेला आहे म्हणजे नोंद जुनी, आणि सेव्हच्या आधी एक फुकटची सिलेक्ट क्वेरी जाते. व्हर्जनचं फील्ड रॅपर टाइपमध्ये (म्हणजे नल राहू शकेल असं) ठेवलं की ते थांबतं.

सह्यवेडा

३१ चं कोणी सांगितलंच नाही. विषम आहे, मूळ संख्या आहे, आणि ३१ ने गुणणं म्हणजे पाच बिट डावीकडे सरकवून मूळ आकडा वजा करणं. पूर्वी त्याचं कौतुक होतं, आता कंपायलर स्वतःच करतो. त्यात जादू काही नाही, लॉम्बॉक ५९ वापरतं.

सम संख्या का नको? दोनने गुणत गेलात तर प्रत्येक गुणाकाराला वरचा एक बिट सांडतो आणि परत येत नाही. लांब स्ट्रिंगची सुरुवात हॅशमधून पुसलीच जाईल.

३१ ने टक्कर (दोन वेगळ्यांचा हॅश एकच येणं) टळते असंही नाही. मोठा ए, छोटा ए अशी दोन अक्षरांची स्ट्रिंग घ्या: ६५ गुणिले ३१ म्हणजे २०१५, अधिक ९७, झाले २११२. आता मोठा बी दोनदा: ६६ गुणिले ३१ म्हणजे २०४६, अधिक ६६, पुन्हा २११२! या दोन जोड्या एकापुढे एक हव्या तशा लावा, हव्या तेवढ्या एकाच हॅशच्या स्ट्रिंग मिळतात. दहा जोड्यांत १०२४. वेब सर्व्हरला असे पॅरामीटर पाठवून त्याचा प्रोसेसर गुदमरवता येतो हे २०११ च्या डिसेंबरमध्ये बर्लिनच्या एका परिषदेत दाखवलं गेलं, त्यानंतर बऱ्याच भाषांची धावपळ झाली.

पायथॉनवाली

त्या धावपळीतूनच पायथॉन ३.३ मध्ये स्ट्रिंगचा हॅश दर रनला वेगळा यायला लागला. आमच्याकडे नवीन मुलं हमखास फसतात: काल हॅश फाइलमध्ये लिहून ठेवला, आज जुळत नाही. हॅश साठवायचाच असेल तर हॅशलिब घ्या आणि शा-२५६ काढा.

जावावाल्यांनी हसू नये, तुमचाही एनम (ठरलेल्या मोजक्या किमतींचा प्रकार) तसाच आहे. एका जुन्या नोकरीत (नाव नको) ‘केंद्र आणि पाळी’ अशा कीचा हॅश काढून, त्यावरून कुठल्या सर्व्हरने काम घ्यायचं ते ठरवलं होतं. पाळी म्हणजे एनम: सकाळ, संध्याकाळ. एनमचा हॅश हा ऑब्जेक्टच्या ओळखीवरून येतो, त्यात नावाचा संबंध नाही, म्हणून प्रत्येक जेव्हीएममध्ये (चालू असलेल्या जावामध्ये) वेगळा. एका सर्व्हरला वाटायचं हे काम त्याचं, दुसऱ्याला वाटायचं ह्याचं, आणि काही पाळ्या कोणीच घेतल्या नाहीत. तीन रात्री गेल्या. शेवटी एनमच्या जागी त्याचं नाव हॅशमध्ये घातलं.

त्याच कोडमध्ये कप्पा काढायला मॅथ डॉट अ‍ॅब्स होतं. इंटिजरची सगळ्यात लहान संख्या, उणे २१४७४८३६४८, तिचा अ‍ॅब्स परत उणेच येतो, कारण तेवढी अधिक संख्या ३२ बिटांत मावतच नाही. फ्लोअरमॉड वापरा.

नाशिककर_९

तिसऱ्या तक्रारीला कोणी हात लावला नाही, म्हणून मी. रात्रपाळी, ते दोन ‘कऱ्हाड’ दिसायला एकच आहेत, आतून नाहीत. दोन्हींची लांबी छापून बघा. एकाची ६ आणि दुसऱ्याची ७ येईल, पैजेवर सांगतो.

आपला चंद्रकोरीसारखा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर, क्रमांक ०९३१, पुढे हलन्त. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक, २००डी. कऱ्हाड आणि कर्‍हाड, बघा डोळ्यांना फरक कळतो का. स्ट्रिंगच्या इक्वल्सला कळतो, म्हणून मॅपमध्ये दोन नोंदी. जोडक शब्दाच्या मधोमध असतो, म्हणून ट्रिमला तो सापडत नाही.

तिसरा प्रकारही आहे, र आणि खाली नुक्ता. तो जावाच्या नॉर्मलायझरने, एनएफसी (तुकडे जोडून एकच अक्षर करणारा) प्रकार निवडून, ऱ मध्ये बदलतो. जोडकवाला मात्र एनएफसी तसाच सोडतं. तो हाताने बदलावा लागतो: र, हलन्त, जोडक दिसलं की ऱ आणि हलन्त. आणि हे डेटा आत येतानाच करा, हॅशकोडच्या आत नको.

सह्यवेडा

हे माहीत नव्हतं! आमच्या मतदार यादीच्या शोधात ‘गोऱ्हे’ आडनावाची अर्धी माणसं का सापडत नाहीत ते आज कळलं.

चिंचगूळ

जाता जाता: दर बिगडेसिमलमध्ये (अचूक दशांश संख्यांचा प्रकार) ठेवत असाल तर तो हॅशमध्ये घेताना सांभाळा. ३६.५ आणि ३६.५० हे कंपेअरटूला समान, इक्वल्सला वेगळे आणि हॅशही वेगळे. आणि फील्डमध्ये अ‍ॅरे असेल तर ऑब्जेक्ट्स डॉट हॅश आतले आकडे बघत नाही, त्यासाठी अ‍ॅरेज डॉट हॅशकोड.

टेस्टसाठी इक्वल्सव्हेरिफायर नावाची लायब्ररी आहे, एका ओळीत करार तपासून देते. एंटिटीला थोड्या सूचना दाबाव्या लागतील.

रात्रपाळी

मंडळी, आत्ता बसून केलं.

लांबी ६ आणि ७, नाशिककर पैज जिंकले. ७ वाली सगळी नावं एकाच केंद्रावरून आली होती, तिथल्या कॉम्प्युटरवर जुना कीबोर्ड आहे. आत येताना बदलायची सोय केली, जुन्या नोंदींना एक अपडेट क्वेरी मारली, आता रिपोर्टमध्ये कऱ्हाड एकदाच.

क्रमांकाचं सचिवांना फोन करून विचारलं. आबांचं खरं निघालं, वारसाला तोच क्रमांक देतात. वर ते म्हणाले, “कधी कधी दोन भाऊ वेगळे झाले की क्रमांक तोच ठेवून मागे अ आणि ब लावतो.” हे मला डेटात दिसलं होतं, मी टायपो समजून ब काढून टाकायची स्क्रिप्ट लिहून ठेवली होती. चालवली नव्हती, नशीब.

तेव्हा इक्वल्स आयडीवर, नल असेल तर फक्त स्वतःशीच समान, आणि हॅशकोड ठरलेला आकडा. दोन नवे सभासद भरून पाहिले, दोघेही राहिले. सर्वात मोठ्या केंद्राचे ६४० सभासद सेटमध्ये टाकून वेळ घेतला, पानाच्या एकूण वेळेत कुठे दिसलाही नाही.

आता त्या अ आणि ब चं काय करायचं, त्यासाठी वेगळा धागा काढतो.